पंच्याऐंशीच्या वर

पंच्याऐंशीपर्यंत गाडी गुणी आहे.
वाडी गेलं, गोंडखैरी गेलं, टोल गेला,
काटा जरा पुढं सरकला की
डाव्या कानाशी कोणीतरी
ओठ आवळून शीळ घालतं.

मागं चष्म्याच्या काचांची सत्तावीस खोकी,
अमरावतीपर्यंत दीडशे किलोमीटर,
आणि ही.
रेडिओ मोठा केला तर त्याच्यावर चढून बसते.
काच खाली केली तर मे महिना आत येतो.

मोमिनपुऱ्यात नौशादनं बॉनेटवर कान ठेवला.
उभी गाडी काय बोलणार?
"ऐंशीनंच चालवा ना भाऊ."
मग स्वतःच ओशाळला,
निळ्या टेपचं बंडल दिलं, पैसे घेतले नाहीत.
"एकेक फट बंद करत जा. ज्या दिवशी थांबेल, तीच."

सोमवारी आरसा.
गुरुवारी चारही दारांच्या कडा.
पुढल्या सोमवारी छतावरचे दांडे, अँटेना,
पेट्रोलचं झाकणसुद्धा,
तिथं काही नसतं हे माहीत असून.
टोलवरच्या पोरीनं विचारलं,
"दवाखान्यातून आणली का जी?"
उन्हानं टेप सुटली, डिंक रंगावर राहिला.
शीळही राहिली.

बायको एकदा कोंढाळीपर्यंत आली. म्हणाली,
गाडीचा आवाज आहे,
गाडीच आहे ना ती.

डेकाटे मात्र स्टुलावरून उठले.
इतवारीत चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतात,
भजनी मंडळांच्या, शाळांच्या,
उंदरांनी भाता कुरतडलेल्या.
दुकानात चष्मा न्यायला आले होते, मी सहज बोललो.
"कोणत्या पट्टीत?"
कशाची पट्टी?
"शीळ हो."

रविवारी पहाटे साडेपाचला ते शेजारी बसले.
मांडीवर पिशवी: चामड्याचे तुकडे, कात्री, डिंकाची डबी.
सीटबेल्ट नको म्हणाले, छाती आवळते.
लावला.
बाजारगाव मागं पडलं.
नव्वद.
"काळी दोन," डोळे मिटून म्हणाले, "जराशी उतरलेली."
शंभर.
"आता तीन. पितळेचा सूर असता
तर जागेवर राहिला असता, तुम्ही कितीही हाणा.
चढते म्हणजे फट आहे."

आणि करंगळी ओली करून
पुढच्या काचेच्या कडेनं फिरवत गेले,
भात्याची शिवण चाचपावी तशी, घाई न करता.
ही काच मागच्या वर्षीच बदललेली,
दगड उडाला होता तेव्हा.
नवी म्हणून तिच्यावर संशयच घेतला नव्हता मी.

डावा वरचा कोपरा.
बोटानं दाबलं, शीळ मध्येच तुटली.
बोट काढलं, आली.
दाबलं, गेली.
पुढं तीन-चारदा त्यांनी ती वाजवली,
गरज नव्हती.

रस्त्याच्या कडेला थांबलो.
बाहेरचं रबर दोन बोटं उचललं गेलेलं,
खाली नखाएवढी फट.
यासाठी तीन आठवडे?
"पेटीतही एवढीच असते," ते म्हणाले,
चामडं कातरलं, डिंक लावला,
आणि वर अंगठा ठेवून उभे राहिले
दहा मिनिटं,
बाजूनं ट्रक जात होते, धोतर फडफडत होतं.

पैसे नाही म्हणाले.
तर्रीपोहे दोन प्लेट खाल्ले, तर्री तीनदा मागितली.

परतताना शंभर.
काही नाही.
मग टायर ऐकू आले,
डॅशबोर्डात कुठंतरी एक नाणं,
माझ्या घड्याळाची सैल साखळी.
डेकाटे थोडे नाराज दिसले.
"आवाज वाईट नव्हता तसा," म्हणाले,
आणि बाजारगाव यायच्या आत झोपले.

तोंड मिटलेलं. नाकातून बारीक,
येते, थांबते, येते.
मला पट्टी ओळखता येत नाही.
वाडीपर्यंत मी गाडी
सत्तरच्या वर नेली नाही.